कॉलेजात असताना बचत: व्याजदर राहू द्या, आधी खाती नीट लावा

महिन्याला १,००० रुपये बाजूला टाकणाऱ्या विद्यार्थ्याने वर्षभर ६.७ टक्क्यांच्या आरडीत, म्हणजे दर महिन्याला ठराविक रक्कम भरायच्या ठेवीत, पैसे भरले, तर वर्षाअखेर व्याज पडतं साधारण ४४० रुपये. तेच पैसे शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात घातले आणि बाजाराने कृपा करून १२ टक्के दिले, तर साधारण ८१० रुपये. फरक ३७० रुपयांचा. आता तिसरा आकडा. खात्यात पैसे नसताना एसआयपीचा, म्हणजे फंडात दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या रकमेचा, हप्ता एकदा परत गेला, तर बऱ्याच बँका २५० ते ५०० रुपये दंड लावतात, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २९५ ते ५९० रुपये गेले.

कुठला फंड, कुठलं ॲप, कोणाचा परतावा जास्त यावर चार रात्री घालवून जे कमवाल, ते एका चुकलेल्या तारखेत जाऊ शकतं. रक्कम लहान असते तेव्हा व्याजदराला फारसा अर्थ नसतो. पैसे कुठल्या खात्यात येतात, कुठल्या तारखेला कुठे जातात आणि मध्ये गळती कुठे होते, याला असतो. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

एखादं रील पाहून किंवा रूममेटचा पोर्टफोलिओ पाहून हुरूप येतो. येऊ द्या, चांगलंच आहे. पण तो दोन-तीन आठवडे टिकतो. तेवढ्यात एकदाच करायची कामं उरकून घेतली की नंतर हुरूप नसला तरी गाडी चालू राहते. ही कामं कंटाळवाणी असतात, त्यामुळे त्यांच्यावर रील कोणी काढत नाही.

आधी महिना कागदावर

पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणारा, दोन वेळ मेसला जेवणारा विद्यार्थी धरू. घरून ९,००० रुपये येतात. कॉट ३,५००, मेस ३,२००. उरले २,३००. त्यात रिचार्ज ३००, बस-मेट्रो ५००, झेरॉक्स आणि जर्नलं २००. हातात १,३००, आणि त्यात चहा-नाश्ता, रविवारी संध्याकाळी मेस बंद असते ते जेवण, साबण-पेस्ट, कोणाचा तरी वाढदिवस. तुमच्या गावात आकडे वेगळे असतील, ते घाला. पण या हिशोबातून १,००० रुपये निघत नाहीत हे उघड आहे. ५०० निघतात, तेही ओढाताण करून. म्हणून ५०० वरच सुरुवात करा. पहिल्या महिन्यात जोशात २,००० लावणारा तिसऱ्या महिन्यात सगळंच बंद करतो.

ते ५०० कुठून काढायचे, हे डोक्याने ठरवू नका. बँकेच्या ॲपमधून मागच्या ९० दिवसांचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवा. डेबिटच्या रकान्याला फिल्टर लावा आणि १५० रुपयांपेक्षा कमी रकमांची बेरीज करा. तीनाने भागा. हा आकडा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघतो, कारण यूपीआयने दिलेले २० आणि ४० रुपये लक्षातच राहत नाहीत. आता त्याच यादीत वाचा की पैसे कोणाला गेले. चहावाल्याच्या नावावर काट मारू नका. चहा बंद करून बचत करणारे आठवडाभरात परत टपरीवर असतात, आणि ते बरोबरच आहे. काट मारायची ती दोन ठिकाणी. एक, रात्री मागवलेलं जेवण: १२० रुपयांच्या पदार्थावर पॅकिंग, डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फी चढून बिल कुठे जातं ते एकदा ओळ-ओळ वाचा. दोन, आपोआप कापले जाणारे पैसे. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) नावाचं पान असतं. तिथे ‘एक रुपयात चाचणी’ म्हणून कधीतरी घेतलेली वर्गणी अजून दर महिन्याला कापली जात असते. ॲप काढून टाकलं म्हणून मॅन्डेट रद्द होत नाही, तो या पानावर जाऊन रद्द करावा लागतो.

आणखी काही हक्काचे पैसे लोक सोडून देतात. मेसचे खाडे हा त्यातला मोठा. दिवाळीत, गणपतीत, परीक्षेआधीच्या सुट्टीत (पीएल) घरी जाताना आदल्या दिवशी मेसवाल्या काकूंना सांगितलं नाही तर खाडे धरले जात नाहीत. बऱ्याच मेसमध्ये सलग तीन-चार दिवसांचे धरतात, सुट्या एक-दोन दिवसांचे नाहीत. नियम मेस लावतानाच विचारून घ्या. ३,२०० च्या मेसमध्ये आठ दिवसांचे खाडे म्हणजे साडेआठशे रुपये. पुणे मेट्रोत विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत आहे, एसटीच्या विद्यार्थी मासिक पासात ६६.६७ टक्के. आणि रिचार्ज २८ दिवसांचा असतो, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. बजेट मांडताना तो तेरावा धरा.

दोन खाती, आणि यूपीआय एकालाच

आता मुख्य काम. बहुतेक विद्यार्थ्यांचं एकच खातं असतं. त्यातच घरचे पैसे, त्यातच शिष्यवृत्ती, त्यालाच यूपीआय. मग १० तारखेच्या एसआयपीसाठी ठेवलेले ५०० रुपये ९ तारखेला रात्री क्रिकेटच्या टर्फच्या वर्गणीत जातात. शिस्त नसल्याचा हा प्रश्न नाही. खर्चाचे आणि बचतीचे पैसे एकाच शिलकीत दिसतात, म्हणून असं होतं.

खाती दोन ठेवा. पहिल्यात पैसे येतात: घरून, शिष्यवृत्ती, स्टायपेंड, ‘कमवा आणि शिका’चं मानधन. या खात्याला फोनमधल्या कुठल्याही यूपीआय ॲपशी जोडू नका, जोडलेलं असेल तर काढा. नेट बँकिंग मात्र चालू हवं. दुसरं खातं खर्चाचं. यूपीआय फक्त याला. महिन्याच्या सुरुवातीला पहिल्यातून दुसऱ्यात खर्चाची रक्कम पाठवायची, शक्य असेल तर दर आठवड्याला थोडी थोडी. आरडी आणि एसआयपी दोन्ही पहिल्या खात्यातून कापल्या जातील.

किमान शिलकीचा नियम आधी वाचा. दुसऱ्या खात्यासाठी खासगी बँकेचं चकचकीत खातं उघडून १०,००० रुपयांची सरासरी शिल्लक राखायची अट गळ्यात घेतलीत, तर दंडातच बचत संपेल. विद्यार्थी खातं मागा, किंवा शून्य शिलकीचं मूलभूत बचत खातं, म्हणजे बीएसबीडी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकांना ते द्यावंच लागतं, काउंटरवर कोणी ‘आमच्याकडे नाही’ म्हणालं तरी. एक अट लक्षात ठेवा: बीएसबीडी घेतलं की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून शिष्यवृत्ती मिळत असेल तर इथे एक खड्डा आहे. थेट लाभाचे पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जातीलच असं नाही. ते आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात जातात. दुसरं खातं उघडताना फॉर्मवरच्या आधार जोडणीच्या चौकटीवर टिक केली की जोडणी तिकडे सरकते, आणि शिष्यवृत्ती खर्चाच्या खात्यात येऊन पडते. मग महिनाभर ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून कॉलेजच्या कार्यालयात चकरा. माय आधार पोर्टलवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिलं की सध्या कुठली बँक जोडलेली आहे ते दोन मिनिटांत कळतं. नवं खातं उघडल्यानंतर आठवड्याने हे एकदा पाहाच.

शिष्यवृत्तीचे पैसे एकदम येतात आणि उशिरा येतात. स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, पण ते कधी येतील यावर तुमचा ताबा नाही. तोवर उसनवारीवर चाललेलं असतं. रक्कम आली की पहिल्या दिवशी उसने फेडा, फीची थकबाकी भरा. उरलेल्याला पुढची रक्कम येईपर्यंतच्या महिन्यांनी भागा. समजा ३०,००० उरले आणि सहा महिने काढायचे आहेत. मग एका महिन्याचे ५,००० खर्चाच्या खात्यात टाका आणि ५,००० च्या पाच मुदत ठेवी करा, एक महिन्याची, दोन महिन्यांची, अशा पाच महिन्यांपर्यंत. मोबाइलवरून दहा मिनिटांचं काम आहे. व्याज चिल्लर मिळतं, ते सोडून द्या. दर महिन्याला ‘पगार’ आल्यासारखे ५,००० जमा होतात आणि पहिल्याच आठवड्यात नवा फोन येत नाही, हा खरा लाभ.

नावाचा घोळ

म्युच्युअल फंडासाठी केवायसी (ओळख पडताळणी) करताना महाराष्ट्रातल्या मुला-मुलींची गाडी हमखास एका ठिकाणी अडते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बँकेत कोणीतरी मधलं नाव गाळलेलं. पॅनवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. केवायसीची यंत्रणा पॅन आणि आधार जुळवून पाहते आणि बँक खात्यात एक रुपया टाकून तिथलं नाव तपासते. जुळलं नाही की अर्ज लटकतो, आणि कारण धड सांगितलं जात नाही.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी आधार, मग पॅन, शेवटी बँक. उलट्या क्रमाने गेलात तर एकच दुरुस्ती दोनदा करावी लागते. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. गावाकडून शहरात आल्यावर सिम बदलणाऱ्यांचा जुना नंबर आधारला अडकलेला असतो आणि ओटीपी भलत्याकडे जातो. तो आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या.

पॅन नसेल तर आयकर विभागाच्या पोर्टलवर आधारवरून झटपट ई-पॅन मिळतं, फुकट. नेट कॅफेत त्यासाठी दोनशे-तीनशे रुपये देऊ नका. ही सोय १८ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठीच आहे. अकरावी-बारावीतल्यांना आई-वडिलांना पालक ठेवून फंडाचं खातं उघडता येतं, पण १८ पूर्ण झाल्यावर ते खातं स्वतःच्या नावावर सज्ञान म्हणून बदलून घ्यावं लागतं, तोवर व्यवहार थांबतात. सहा-आठ महिन्यांचाच प्रश्न असेल तर तोवर साधी आरडी करा, नसती कागदपत्रं वाढवू नका.

पहिले १०,००० कुठे

पहिले दहा हजार बाजारात टाकू नयेत, असं माझं ठाम मत आहे. विद्यार्थ्याचा अडीअडचणीचा निधी फार मोठा लागत नाही: एक महिन्याची मेस, घरी जायचं तिकीट, फोनची स्क्रीन किंवा लॅपटॉपचं चार्जर, डॉक्टर. दहा हजारांत भागतं. हा निधी नसेल तर पहिल्या अडचणीला फंडातले पैसे निघतात, नेमके बाजार पडलेला असताना. नाहीतर झटपट कर्जाच्या ॲपकडे हात जातो, जिथे तीन हजारांच्या उसनवारीवर प्रक्रिया शुल्क आधीच कापून घेतात आणि चुकलेला हप्ता सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, चढतो. पहिल्या नोकरीनंतर बाइकचं कर्ज मागायला गेल्यावर ती नोंद समोर येते.

निधी उभा करायला बँकेची १२ महिन्यांची आरडी सगळ्यात सोपी. पोस्टाची आरडी जुनी आणि भरवशाची, १०० रुपयांपासून सुरू होते आणि सध्या ६.७ टक्के देते. महिना १,००० भरले तर पाच वर्षांनी ६०,००० चे ७१,३६६ होतात. हप्ता चुकला तर १०० रुपयांमागे महिन्याला फक्त एक रुपया दंड; वरच्या ५९० रुपयांशी ताडून पाहा. पण तिची मुदत पाच वर्षं आहे. तीन वर्षांआधी बंद करता येत नाही, आणि तीन वर्षांनी मुदतीआधी मोडली तर बचत खात्याचा ४ टक्के दर मिळतो. एसवायला असाल आणि दोन वर्षांत शहरच सोडणार असाल तर ती तुमच्या कामाची नाही. चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं, दोन महिन्यांत सावरलं नाही तर पुढे भरताच येत नाही. पोस्टाची आरडी त्यांच्यासाठी, ज्यांच्या गावात पोस्ट आहे आणि आई दर महिन्याला भरू शकते.

आरडी पिकली की ती रक्कम ऑनलाइन मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवा, पाच-पाच हजारांच्या दोन पावत्या. एकच दहा हजारांची केली तर तीन हजारांच्या गरजेसाठी अख्खी मोडावी लागते आणि पूर्ण रकमेवर अर्धा ते एक टक्का व्याज कमी मिळतं.

पतसंस्थेचा एजंट हॉस्टेलच्या कॅन्टीनमध्येही येतो, रोज ५० रुपयांची पिग्मी घेऊन. दर दीड-दोन टक्के जास्त सांगतो. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेला ते नसतं. नावात ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’ एवढं पावतीवर वाचा. मित्रांची भिशी याहून वेगळी: दहा जण, पाचशे-पाचशे, व्याज शून्य. सगळे एकाच वर्गात आणि एकाच हॉस्टेलवर असतील तर सवय लागायला चालेल. शेवटच्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये सुरू करू नका, कारण पहिली उचल घेतलेला नोकरी लागून बंगळूरला जातो आणि फोन उचलत नाही.

शैक्षणिक कर्ज असेल तर हिशोबच बदलतो

हा भाग गुंतवणुकीच्या रीलमध्ये कधीच नसतो. इंजिनिअरिंगसाठी ४ लाख कर्ज घेतलंय, दर १० टक्के. शिकत असताना हप्ता नाही, पण व्याज चालूच आहे: वर्षाला ४०,०००, महिन्याला ३,३३३. पूर्ण रक्कम उचलल्यानंतर अभ्यासक्रमाची दोन वर्षं आणि नंतरचं सवलतीचं एक वर्ष धरलं तर १,२०,००० रुपये मुद्दलात मिळवले जातात आणि मग त्या फुगलेल्या रकमेवर ईएमआय बसतो.

अशा वेळी ५०० रुपये एसआयपीत टाकायचे की व्याजात? माझं उत्तर: अडीअडचणीचे दहा हजार बाजूला झाले की उरलेलं व्याजात भरा. १० टक्क्यांचं कर्ज कमी करणं म्हणजे १० टक्के खात्रीचा परतावा. बाजार तेवढा देईलच असं नाही. काही बँका शिकत असतानाच व्याज भरत राहणाऱ्याला दरात सवलतही देतात, ते मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. पैसे भरताना मात्र शाखेत लेखी सांगा की ही रक्कम व्याजापोटी जमा करा, आणि पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट काढून ती तशीच जमा झाली का पाहा. व्याजाला सरकारी अनुदान असेल तर गोष्ट वेगळी, मग घाई नाही.

मग एसआयपी

इथे मी थोडक्यात आटोपतो, कारण यावरच सगळीकडे भरभरून लिहिलेलं असतं. एकच फंड घ्या, निफ्टी ५० चा इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड. नावात ‘डायरेक्ट’ आणि ‘ग्रोथ’ हे दोन्ही शब्द हवेत. डायरेक्ट प्रकारात मध्यस्थाचं कमिशन नसतं. इंडेक्स फंडात त्याचा खर्च साधारण ०.१ ते ०.३ टक्के असतो, सक्रिय फंडाच्या (ज्यात व्यवस्थापक शेअर निवडतो) रेग्युलर, म्हणजे कमिशनवाल्या प्रकारात दीड-दोन टक्क्यांपर्यंत जातो. ‘आयडीसीडब्ल्यू’ लिहिलेला प्रकार सोडा, त्यात तुमचेच पैसे अधूनमधून परत येतात. डीमॅट खातं (शेअर ठेवायचं खातं) यासाठी लागत नाही. फंड कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा एमएफ सेंट्रल या फंडांच्या सामाईक संकेतस्थळावरून थेट घेता येतं. ५०० रुपयांत पाच फंड घेणाऱ्यांना काय साधायचं असतं ते मला आजवर कळलेलं नाही. त्या पाचांतल्या बहुतेकांत त्याच मोठ्या कंपन्या असतात.

तारीख नीट निवडा. घरून पैसे ५ तारखेला येत असतील तर हप्ता १० ला. बाबांचा पगार एखाद्या महिन्यात लांबतो, सुट्टी येते, म्हणून चार-पाच दिवसांची फट ठेवायची. हप्ता सकाळी कापला जातो, त्यामुळे पैसे आदल्या संध्याकाळी खात्यात हवेत. त्याच दिवशी दुपारी टाकून उपयोग नाही. मॅन्डेट मंजूर व्हायला काही दिवस लागतात, म्हणून पहिला हप्ता बऱ्याचदा पुढच्या महिन्यातच जातो, घाबरून दुसरी एसआयपी नोंदवू नका. मॅन्डेटवर ५,००० लिहिलेलं दिसलं तरी कापले जाणार ५०० च. ती फक्त कमाल मर्यादा असते. यूपीआय ऑटोपेऐवजी नेट बँकिंगवरून ई-मॅन्डेट करा, म्हणजे पहिल्या खात्याला यूपीआय लागतच नाही.

एखाद्या महिन्यात पैसे नाहीतच असं दिसलं, तर हप्ता परत जाऊ देऊ नका. बऱ्याच ठिकाणी एसआयपी एक-दोन महिने थांबवायची सोय असते, ती तारखेच्या आठवडा-दहा दिवस आधी वापरावी लागते. सलग तीन मासिक हप्ते चुकले की फंड कंपनी एसआयपी स्वतःच बंद करते. ती दंड लावत नाही. दंड लावते ती तुमची बँक, आणि तीनदा लावते.

आता अपेक्षा. महिना १,००० प्रमाणे तीन वर्षं भरलेत, बाजाराने १२ टक्के दिले, तर ३६,००० चे सुमारे ४३,५०० होतात. आरडीत सुमारे ४०,००० झाले असते. हे ४३,५०० तसेच तीस वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर १३ लाख होतात, आणि रील इथे संपतं. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर त्या १३ लाखांची किंमत आजच्या पैशात एक लाख नव्वद हजारांच्या आसपास भरते. वाईट नाही. पण त्यात पुण्यात फ्लॅट येत नाही.

आणि १२ टक्के हे सरळ रेषेत येत नाहीत. २००८ मध्ये जानेवारी ते ऑक्टोबरात निफ्टी सुमारे ६० टक्के खाली आला होता. २०२० मध्ये जानेवारी ते २३ मार्च या दोनच महिन्यांत सुमारे ३८ टक्के. पुढच्या पाच वर्षांत लागणारे पैसे, म्हणजे एमएसची किंवा एमबीएची फी, नोकरीच्या गावी खोलीचं डिपॉझिट, लॅपटॉप, या फंडात असूच नयेत. त्यासाठी आरडी आणि मुदत ठेव आहे.

पीपीएफ, म्हणजे सरकारच्या भविष्य निर्वाह निधी खात्याबद्दल एक बारीक गोष्ट. वर्षाला किमान ५०० रुपयांत खातं चालू राहतं, दर सध्या ७.१ टक्के आणि मुदत १५ वर्षं. कॉलेजात उघडून वर्षाला ५०० च भरले तरी पंधरा वर्षांचं घड्याळ आत्ता सुरू होतं आणि पस्तिशीच्या आसपास ते मोकळं होतं. महिन्याची ५ तारीख ते महिनाअखेर यांतल्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज मोजतात, म्हणून भरायचे ते ५ तारखेच्या आत. एखादं वर्ष विसरलात तर त्या वर्षाचे राहिलेले ५०० आणि ५० रुपये दंड भरून खातं पुन्हा चालू होतं.

ज्यात शिरू नये

ऑप्शन, म्हणजे शेअर किंवा निर्देशांक चढेल की पडेल यावर लावलेला मुदतीचा सौदा. पंधराशे-दोन हजारांच्या प्रीमियमवर ट्रेड घेता येतो, म्हणून हॉस्टेलवर तेच आधी पोहोचतं. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये काढलेल्या अहवालात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ जण तोट्यात निघाले. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. याच अहवालात २०२३-२४ मधले ४३ टक्के ट्रेडर तिशीच्या आतले होते. टेलिग्रामवर ‘कॉल’ देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए ने. क्रमांक मिळाला तर सेबीच्या संकेतस्थळावर तो आणि नाव जुळवून पाहा, कारण दुसऱ्याचा क्रमांक स्वतःच्या चॅनलवर लावणारेही आहेत.

दर आठवड्याला ठरलेला टक्का देणारी कुठलीही योजना. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस या दागिन्यांच्या कंपनीच्या शोरूमबाहेर जमलेली गर्दी आठवा. आठवड्याचे पैसे थांबले आणि मग लोक धावले. सुरुवातीचे काही आठवडे पैसे खरोखर मिळतात, त्यामुळेच मित्र मित्राला ओढतो.

आयुर्विम्याची पॉलिसी. नात्यातला एजंट घरी येऊन बाबांना पटवतो की मुलाच्या नावावर आत्ताच काढा, हप्ता कमी बसेल. ज्याच्या कमाईवर कोणी अवलंबून नाही त्याला आयुर्विमा लागत नाही. पारंपरिक पॉलिसीचा परतावा साधारण ५-६ टक्क्यांच्या घरात असतो आणि मध्येच सोडली तर भरलेलंही पूर्ण मिळत नाही. काकांना दुखवायचं नसेल तर ‘नोकरी लागल्यावर मुदत विमा तुमच्याकडूनच काढतो’ म्हणा. आरोग्य विमा मात्र हवा. घरच्या फ्लोटर (सगळ्या कुटुंबाच्या एकत्र) पॉलिसीत मुलांचं नाव बहुतेक ठिकाणी २५ वर्षांपर्यंत राहतं, तेवढं नाव आहे ना ते पाहा.

ॲपवरचं डिजिटल सोनं १० रुपयांतही मिळतं. घेताना ३ टक्के जीएसटी जातो, वर खरेदी-विक्रीच्या भावात तफावत असते, आणि ते सेबीच्या देखरेखीखाली येत नाही. सोनंच हवं असेल तर गोल्ड ईटीएफ (शेअर बाजारात मिळणारा सोन्याचा फंड) किंवा त्यावरचा फंड.

इंटर्नशिप आणि कॉलेजचा शेवट

इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, गेला असेल तर तो सोडून देऊ नका. वर्षाचं उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर रिटर्न भरून सगळा परत मिळतो. आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएस उघडा, कंपनीने तो तुमच्या पॅनवर भरलाय का पाहा. भरलेला दिसत नसेल तर तेव्हाच एचआरला मेल करा. वर्षभराने त्या कंपनीत तुम्हाला ओळखणारं कोणी उरत नाही. सहा महिन्यांच्या १२,००० च्या स्टायपेंडवर ही रक्कम ७,२०० होते, म्हणजे ५०० च्या एसआयपीचे चौदा हप्ते.

शेवटच्या सेमिस्टरमध्ये चार कामं राहून जातात. विद्यार्थी खात्याचं अभ्यासक्रम संपल्यावर साध्या खात्यात रूपांतर होतं आणि किमान शिलकीची अट लागू होते. बँकेला विचारून तारीख लिहून ठेवा. हॉस्टेलचा पत्ता दिला असेल तर तो आधी केवायसीत बदला. नॉमिनी दोन्ही खात्यांत आणि फंडात वेगवेगळा नोंदवावा लागतो, एकीकडे केला म्हणून दुसरीकडे होत नाही. आणि नोकरीच्या कंपनीने नवं पगार खातं दिलं की जुनं पहिलं खातं रिकामं सोडू नका. एसआयपी अजून त्यालाच जोडलेली असते, आणि पहिला पगार झाल्याच्या आनंदात १० तारखेचा हप्ता परत जातो. नव्या खात्यावर नवं मॅन्डेट मंजूर होऊन त्यातून एक हप्ता गेलेला दिसला, की मगच जुनं मॅन्डेट रद्द करा.